कलम ११४-अ : मूळ देसाईगंजचं

बलात्काराची बातमी आली की चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतोच, ‘आता कायदाच असा झालाय, आरोपीनेच निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं.’ हे अर्धंही खरं नाही. ज्या कलमावरून हा समज पसरला, ते पुरावा कायद्यातलं ११४-अ. त्याचं मूळ आपल्या विदर्भातल्या एका पोलीस ठाण्यात आहे.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. मोलमजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिला पळवून नेल्याची फिर्याद भावाने दिली, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब होईतो रात्रीचे साडेदहा वाजले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. बाहेर ताटकळणाऱ्यांना दिसलं ते एवढंच : ठाण्यातले दिवे मालवलेले, दार आतून बंद. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर चाललेला बलात्काराचा हा खटला पुढे देशभर तिच्या नावाने ओळखला गेला. मात्र पीडितेचं नाव छापू नये असं सांगणारं कलमही याच प्रकरणानंतरच्या दुरुस्तीतून आलं, तेव्हा इथे ते घेत नाही.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. संबंध आला, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष. मुलीला खोटारडी ठरवलं, शरीरसंबंधांची सवय असलेली म्हटलं. नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला : ठाण्यात, अनोळखी पोलिसांपुढे मुकाट्याने शरण जाणं ही संमती नव्हे. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये दोघांनाही पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही, म्हणजे प्रतिकाराची गोष्ट बनावट, असा तो हिशेब.

संमती नव्हती हे तेव्हा सर्वस्वी सरकार पक्षाने सिद्ध करायचं होतं. बंद दाराआड साक्षीदार आणायचा कुठून? वर १८७२ च्या पुरावा कायद्यात आरोपीला उघड मुभा होती, की फिर्यादी बाईची चालचलणूक वाईट आहे हे दाखव. ती तरतूद जायला २००३ उजाडलं.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीने पोलिसांशी झुंज द्यायला हवी होती का, हा त्यातला रोखठोक सवाल. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

नव्या कलमाची भाषा मोजूनमापून होती. ते प्रामुख्याने पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी अधिकार गाजवणाऱ्यांसाठी होतं. शिवाय सामूहिक बलात्कार आणि गरोदर स्त्रीवरचा बलात्कार. संबंध आला आणि तो याच आरोपीकडून आला, हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचं. मग बाईने कोर्टात साक्ष द्यायची की माझी संमती नव्हती. त्यानंतरच कोर्ट संमती नव्हती असं धरून चालतं, आणि तेही आरोपीला खोडून काढता येतं. भार फिरतो तो संमती या एकाच मुद्द्यापुरता.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. अटकेची कारणं सांगणं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, पसंतीचा वकील, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील, दोषारोपपत्राची प्रत, उलटतपासणी, गप्प राहण्याचा हक्क. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागता येतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब बलात्काराच्या खटल्यातही पुरावा ठरत नाही. सोळा वर्षांखालील मुलीच्या प्रकरणात अटकपूर्व जामीन मात्र नाही. ‘पॉक्सो’चं गणित वेगळं : अठराच्या आत संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि त्यातलं गृहीतक अधिक कडक आहे. तरी मूळ घटना आधी सरकार पक्षानेच उभी करायची, असं न्यायालयं बजावत आली आहेत.

२०१३ मध्ये ११४-अ ची व्याप्ती वाढली. नातेवाईक, पालक, शिक्षक, वरचढ स्थानावरचा माणूस हे त्यात आले, ते योग्यच. पण ‘त्याच स्त्रीवर वारंवार’ हेही पोटकलम आत आलं. लग्नाचं वचन मोडल्याच्या, दोन बरोबरीच्या माणसांमधल्या तक्रारीतही ते लावता येतं. माझ्या मते इथे कलमाचं मुळाशी असलेलं नातं सैल झालं. भार फिरवला होता तो दार आतून लावण्याची ताकद एकाच्याच हाती होती म्हणून.

१ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात १२० व्या क्रमांकावर आहे, आणि ते फक्त भारतीय न्याय संहितेच्या ६४ (२) ला लागतं. तेव्हा पुढच्या वेळी बातमी वाचताना कंसातला आकडाही पाहा. तिथे १ असेल, तर संमती नव्हती हे आजही सरकार पक्षालाच सिद्ध करावं लागतं.