बुळकांडी आणि सीनेचा कांठ

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून कांहीं अंतर सीना नदी वाहते. सन 1948 पर्यंत तिच्या अलीकडे निजामाचें राज्य व पलीकडे, प्रथम इंग्रजी अमलांतील, अहमदनगर जिल्हा, अशी विभागणी होती. नाक्यावर माणसाला अडवितां येई. परंतु बाजारच्या बैलाबरोबर येणाऱ्या बुळकांडीला अडवील असा शिपाई कोणत्याहि राज्याजवळ नव्हता. ताप, तोंडांतील फोड, जुलाब आणि थोड्याच दिवसांत मृत्यु, असा हा रोग. त्याच्या सांथींत दावणीच्या दावणी ओस पडत. डुकरांनाहि तो सोडीत नसे.

या रोगाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल 1871 सालीं प्रसिद्ध झाला. 1889 मध्यें पुण्यास स्थापन झालेली प्रयोगशाळा 1893 मध्यें कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. तेथेंच पुढें एडवर्ड्स यांनीं शेळीच्या शरीरांतून रोगविषाचा जोर कमी करून लस सिद्ध केली. उपाय हातीं आला, तरी रोग हटेना. एका गांवानें टोंचून घ्यावें, शेजारच्यानें टाळावें, आणि आठवड्याच्या बाजारीं दोन्ही गांवचीं गुरें एकत्र बांधलीं जावींत, म्हणजे केलेला खर्च व्यर्थच.

1954 सालीं देशव्यापी मोहीम सुरू झाली. शेंकडा 80 गुरांस लस देण्याचा तिचा संकल्प होता. सांथी पुष्कळ ओसरल्या, पण निखारे राखेखालीं धुमसत राहिले. अखेर 1992 च्या योजनेंत देशाचे विभाग पाडून लस, देखरेख व तपास यांची एकत्र सांगड घालण्यांत आली. 1995 नंतर भारतांत बुळकांडी आढळली नाहीं. 2011 मध्यें सारें जग तींतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मानवानें समूळ नाहींसा केलेला हा दुसराच रोग होय.

बीडकरांना हा इतिहास दूरचा नाहीं. दरवर्षीं येथील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें बैलजोड्या घेऊन पश्चिमेकडील कारखान्यांवर जातात. 2022 सालीं लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हां महाराष्ट्र शासनानें गुरांचे बाजार बंद करून मोफत लसीकरण हातीं घेतलें. ज्या घराची सारी मिळकत एका जोडीवर अवलंबून, त्याला बंद बाजार जाचतो. परंतु रिकामी दावण त्याहून अधिक जाचते. शेजाऱ्याचा गोठा निरोगी राहिला, तरच आपला राहतो.