टेकऑफ घेताना शिकाऊ वैमानिकांचं विमान धावपट्टीबाहेर का जातं?

प्रशिक्षणाचं छोटं विमान टेकऑफ घेताना अचानक वळून गवतात शिरतं, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. इंजिन चालू असतं, आकाशही निरभ्र असतं. मग बिघडतं कुठे? अनेकदा उत्तर असतं : आडवा वारा, म्हणजेच क्रॉसविंड.

वारा किती 'आडवा' आहे?
२० नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांच्या कोनात असेल, तर त्यातला निम्मा, म्हणजे १० नॉट, विमानाला बाजूने ढकलतो. कोन ६० अंश झाला की हाच आकडा सुमारे १७ होतो. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ साठी चाचणीत दाखवलेला कमाल आडवा वारा १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर आहे. तोही सराईत वैमानिकाच्या हातून. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षक कमी मर्यादा ठरवतात.

नेमकं काय घडतं?
वारा शेपटीच्या उभ्या भागावर आदळतो आणि वातकुक्कुटासारखं विमानाचं नाक वाऱ्याकडे वळतं. शिवाय पूर्ण ताकद दिल्यावर बहुतेक एक-इंजिनी विमानं डावीकडे ओढली जातात. वारा डावीकडूनच असेल, तर दोन्ही परिणाम एकत्र येतात.

चुका कुठे होतात?
• जमिनीवर विमान पायातल्या रडर पेडलने वळतं. गोंधळलेला विद्यार्थी मात्र कारसारखं हातातलं चाक फिरवतो.
• वाऱ्याच्या बाजूचा पंख उचलला जाऊ नये म्हणून ते चाक सुरुवातीला वाऱ्याकडे पूर्ण वळवून ठेवायचं असतं आणि वेग वाढेल तसं हळूहळू सैल करायचं असतं. नवखे ते फार लवकर सोडतात.
• पुरेसा वेग येण्याआधीच नाक उचललं, तर विमान बाजूला सरकत पुन्हा जमिनीवर आपटतं आणि चाकांचे दांडे मोडू शकतात.

एकट्याने उडताना शेजारी प्रशिक्षक नसतो. विमान हलकं असतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर उचलतं. सावरायला हातही एकच जोडी.

उपाय काय?
विमान जमिनीवर असताना मधली रेषा सुटू लागली आणि पुढे पुरेशी धावपट्टी असेल, तर थ्रॉटल मागे घ्यायचा, विमान सरळ ठेवायचं आणि थांबायचं. टेकऑफ रद्द करणं म्हणजे नापास होणं नव्हे. वारा मर्यादेबाहेर असेल, तर त्या दिवशी उड्डाणच न करणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.