व्यवस्थापनशिक्षणातील उन्हाळी सत्र : उगम आणि विकास

विद्यापीठाची दिनदर्शिका हेही शिक्षणाच्या इतिहासाचे एक साधन आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. सत्र केव्हा सुरू व्हावे, सुट्टी किती असावी, कोणता विषय कोणत्या ऋतूत शिकवावा, हे प्रश्न कार्यालयीन सोयीचे मानले जातात. वस्तुतः विद्यापीठ कोणासाठी चालविले जाते, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या ध्येयपत्रिकेपेक्षा वेळापत्रकातच अधिक स्पष्टपणे सापडते. अमेरिकेतील पदव्युत्तर व्यवस्थापनशिक्षणात उन्हाळी अभ्यासक्रमांची योजना कशी उत्पन्न झाली आणि तिच्यात कोणते परिवर्तन घडत गेले, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, ‘उन्हाळी’ हे विशेषण परीक्षेला लागते. अमेरिकेतील उन्हाळी सत्र म्हणजे जून ते ऑगस्ट या काळातील अध्यापन होय. हा काळ तेथे दीर्घ सुट्टीचा असतो. ही सुट्टी शेतीच्या कामासाठी निर्माण झाली, असा समज रूढ आहे. परंतु तो फारसा टिकण्यासारखा नाही. शेतीच्या कामाचा मुख्य ताण पेरणीच्या व सुगीच्या दिवसांत असतो, आणि एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण शाळा अनेक ठिकाणी हिवाळ्यात व उन्हाळ्यातच भरत असत. शहरांतील उष्मा व सुखवस्तू कुटुंबांचा प्रवास ही कारणे या सुट्टीच्या मुळाशी अधिक दिसतात.

या मोकळ्या काळाचा उपयोग प्रथम शिक्षकांनी केला. हार्वर्ड येथे १८७१ साली वनस्पतिशास्त्राचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. १८७३ साली लुई अगासी यांनी पेनिकीज बेटावर निसर्गविज्ञानाची उन्हाळी शाळा भरविली. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी जॉन व्हिन्सेंट व लुइस मिलर यांनी रविवार-शाळांच्या शिक्षकांसाठी एक शिबिर आरंभिले, आणि पुढे त्यातूनच प्रौढशिक्षणाची एक मोठी चळवळ उभी राहिली. वर्षाचे इतर महिने ज्यांना विद्यापीठाचे दार बंद होते, अशा नोकरदार माणसांसाठी हे सर्व प्रयत्न होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या प्रयत्नांना विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः विल्यम रेनी हार्पर यांच्याकडे जाते. हिब्रू भाषेचे हे पंडित शटॉक्वा येथे अध्यापन करीत असत. रॉकफेलर यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि १ ऑक्टोबर १८९२ रोजी तेथील अध्यापनास प्रारंभ झाला. हार्पर यांनी वर्षाचे चार समान भाग पाडले आणि प्रत्येक भाग सहा-सहा आठवड्यांच्या दोन खंडांत विभागला. उन्हाळा हा या चार भागांपैकी एक असून त्याचा दर्जा इतरांच्या बरोबरीचा होता. विद्यार्थ्याने कोणत्याही भागात प्रवेश घ्यावा, कोणताही भाग सोडावा, आणि अभ्यास पुरा होताच त्या भागाच्या अखेरीस पदवी घ्यावी, अशी सोय होती. प्राध्यापकाने चारपैकी तीन भाग शिकवावे. त्याची सुट्टी उन्हाळ्यातच आली पाहिजे, असा नियम नव्हता.

या व्यवस्थेचा लाभ कोणास झाला, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वॉशिंग्टन येथील शिक्षिका जॉर्जियाना सिम्प्सन यांना कृष्णवर्णीय म्हणून शिकागोच्या वसतिगृहात विरोध सहन करावा लागला. त्यांनी आपला पदवीचा अभ्यास प्रामुख्याने उन्हाळी वर्गांतून व पत्रद्वारा पुरा केला, आणि १९२१ साली त्या डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांपैकी एक झाल्या. उन्हाळी सत्र नसते तर ही विद्वत्ता विद्यापीठाबाहेरच राहण्याचा संभव होता.

आता व्यवस्थापनशिक्षणाकडे वळू. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील व्हॉर्टन संस्था १८८१ साली, शिकागोचे वाणिज्य महाविद्यालय १८९८ साली, डार्टमथची टक संस्था १९०० साली आणि हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ साली स्थापन झाली. यांपैकी टक व हार्वर्ड या संस्थांनी या शिक्षणाला पदव्युत्तर स्वरूप दिले. येथे उन्हाळ्याच्या प्रश्नाला एक नवे वळण लागले. व्यवहाराचे शिक्षण केवळ वर्गात होत नाही, हे सर्वांना मान्य होते. सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी पाळीपाळीने अभ्यास व कारखान्यातील काम ही पद्धती सुरू केलीच होती. दोन वर्षांच्या पूर्णवेळ व्यवस्थापन-अभ्यासक्रमात मधला उन्हाळा हळूहळू उद्योगसंस्थेतील उमेदवारीकडे गेला. अर्थात पूर्णवेळ विद्यार्थ्यापुरता उन्हाळा अध्यापनातून मोकळा झाला.

दुसरीकडे नोकरी सांभाळून शिकणारा वर्ग वाढत होता. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली कार्यरत अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. या प्रकारचा तो पहिला मानला जातो. १९४४ च्या कायद्याने युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले आणि विद्यापीठांचे वर्ग भरून गेले. या विद्यार्थ्यांना नवी उमेदवारी नको होती. गमावलेली वर्षे भरून काढावयाची होती. त्यांच्यासाठी उन्हाळा म्हणजे अभ्यासाचा काळ होता. एकाच संस्थेत एकाच ऋतूचे असे दोन परस्परभिन्न अर्थ निर्माण झाले.

१९५९ साली फोर्ड प्रतिष्ठानच्या वतीने गॉर्डन व हॉवेल यांचा, आणि कार्नेगी संस्थेच्या वतीने पिअर्सन यांचा, असे दोन अहवाल प्रसिद्ध झाले. व्यवसायशिक्षण अतिशय उथळ व धंदेवाईक झाले आहे, त्यास शास्त्रीय संशोधनाचा आधार पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या टीकेचा परिणाम दूरगामी झाला. परंतु त्याची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. अमेरिकेत प्राध्यापकांची नेमणूक बहुधा नऊ महिन्यांची असते आणि उन्हाळ्यातील अध्यापनाचे वेतन वेगळे द्यावे लागते. संशोधनावर बढती अवलंबून राहू लागताच प्राध्यापकास उन्हाळा लेखनासाठी हवासा वाटू लागला. विद्यार्थी उद्योगात, प्राध्यापक संशोधनात, आणि वर्गाची अपेक्षा करणारा मात्र नोकरदार विद्यार्थी, अशी ही स्थिती होय.

या विद्यार्थ्याच्या दृष्टीने उन्हाळ्याचे मोल किती, हे थोड्या गणिताने समजते. एखाद्या अभ्यासक्रमात सोळा विषय आहेत असे समजू. नोकरी करणारा विद्यार्थी शरद व वसंत या सत्रांत प्रत्येकी दोन विषय घेतो. उन्हाळी वर्ग नसतील तर त्यास पदवीसाठी चार वर्षे लागतील. दर उन्हाळ्यात दोन विषय मिळाले तर तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्राअखेर सोळाही विषय पुरे होतात. एक वर्षाचे हे अंतर संसारी माणसाच्या बाबतीत पदवी मिळणे व शिक्षण अर्धवट सुटणे यांतील अंतर ठरू शकते.

तथापि केवळ वर्ग जाहीर करून भागत नाही. नेहमीच्या पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्यास तीन तास धरले, तर एका विषयाचे पंचेचाळीस तास होतात. वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास, हे प्रमाण मानले तर एकूण एकशे पस्तीस तास लागतात. हेच काम सहा आठवड्यांत बसवावयाचे तर आठवड्यास साडेबावीस तास द्यावे लागतात. दोन विषय एकाच वेळी घेतल्यास हा आकडा पंचेचाळीसवर जातो, म्हणजे नोकरीच्या जोडीला दुसरी नोकरीच. उलट बारा आठवड्यांच्या उन्हाळ्याचे दोन खंड पाडून प्रत्येक खंडात एकच विषय ठेवला, तर ओझे जड असले तरी पेलण्यासारखे राहते. हार्पर यांच्या सहा आठवड्यांच्या खंडाचे शहाणपण येथे पुन्हा प्रत्ययास येते.

विषयांची निवडही महत्त्वाची आहे. संख्याशास्त्र किंवा हिशेबशास्त्र यांसारख्या विषयांत एक पायरी पचल्यावाचून दुसरी चढता येत नाही; त्यांना सहा आठवडे अपुरे पडण्याचा धोका असतो. चर्चाप्रधान ऐच्छिक विषय अल्पकाळात चांगले साधतात. परंतु अनिवार्य विषय वर्षातून एकदाच, शरद सत्रात, ठेवला आणि उन्हाळ्यात केवळ ऐच्छिक विषय दिले, तर एक संधी हुकलेला विद्यार्थी वर्षभर अडकून पडतो. शिवाय नोंदणी कमी झाल्यास ऐनवेळी वर्ग रद्द करण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. उन्हाळी सत्राकडे केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याचे हे फळ होय.

आपल्या देशात ही शिक्षणपद्धती आली ती मुख्यतः पूर्णवेळ स्वरूपात. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या; अहमदाबादच्या संस्थेस हार्वर्डचे साहाय्य होते. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू केली. दोन वर्षांमधला उन्हाळा उद्योगसंस्थेत घालविण्याचा प्रघात येथे सहज रुजला. एप्रिल ते जून ही आपली सुट्टी त्यास सोयीची होती. उन्हाळी अध्यापनाची दुसरी परंपरा मात्र त्याबरोबर आली नाही. नोकरदारांची सोय मुख्यतः सायंकाळच्या वर्गांवर सोपविली गेली.

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. उन्हाळी सत्राचा जन्म विद्यापीठाच्या सोयीसाठी झाला नाही. ज्यांना इतर ऋतूंत सवड नव्हती, त्यांच्यासाठी ते निर्माण झाले, आणि इतर सत्रांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला तेव्हाच ते खऱ्या अर्थाने फलदायी ठरले. म्हणून उन्हाळी अभ्यासक्रमांची आखणी करणाऱ्या समितीने प्राध्यापकांची उपलब्धता व अपेक्षित नोंदणी यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा : नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची वाट या वेळापत्रकात कोठे अडते? त्याचे उत्तर मिळाले म्हणजे बाकीची मांडणी करणे फारसे अवघड नाही.