टेबलावरचं मिलिंग मशीन

मिलिंग मशीन म्हटलं की वर्कशॉप डोळ्यांपुढे येतं. बिडाचं अवजड धूड, कूलंटचा वास आणि हँडल फिरवणारा मुरलेला कारागीर. आता याच यंत्राचं धाकटं भावंड घरातल्या टेबलावर मावतं. ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करणारं आणि म्हणूनच ‘३०१८’ या नावानं ओळखलं जाणारं यंत्र सुट्या भागांत घरी येतं, ते आपणच जोडायचं. ते सीएनसी आहे, म्हणजे हँडल फिरवायला माणूस नाही. आकडे येतात आणि त्यांप्रमाणे मोटारी फिरतात.

या आकड्यांची गोष्ट हेलिकॉप्टरच्या पात्यापासून सुरू होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी इथे, १९४०च्या दशकात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वळणाचा फर्मा अचूक हवा. पण नकाशात दिलेले असायचे फक्त १७ बिंदू. मधली वक्ररेषा कारागिरानं अंदाजानं जुळवायची. पार्सन्स कॉलेजात गेलेले नव्हते, पण माणूस हिकमती. त्यांच्याकडच्या फ्रँक स्ट्युलेन या इंजिनिअरनं पंचकार्डांवर चालणारं आयबीएमचं गणनयंत्र कामाला लावलं आणि १७ऐवजी २०० बिंदू काढले. मग यंत्रापाशी तीन माणसं उभी राहिली. एकजण तक्त्यातले आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा आडव्या दिशेचं हँडल फिरवणार, तिसरा उभ्या दिशेचं. मला या प्रसंगाची फार गंमत वाटते. आजच्या सीएनसीत जे काही चालतं, ते सगळं या तिघांत होतं.

पुढचा विचार सरळ होता. वाचणारा आणि फिरवणारे यंत्रातच बसवले तर? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा ‘जेकार्ड’ माग दीडशे वर्षं जुना होता; आपल्याकडच्या विणकरांनाही तो ठाऊक आहे. १९४९ साली अमेरिकी हवाई दलानं पार्सन्सना कंत्राट दिलं. त्यांनी एमआयटी या संस्थेची मदत घेतली, आणि हळूहळू काम संस्थेकडे गेलं, पार्सन्स बाजूला पडले. १९५२च्या सप्टेंबरात छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. त्याच्या नियंत्रणासाठी सुमारे २५० व्हॅक्यूम ट्यूब आणि १७५ रिले लागले होते. पार्सन्स आणि स्ट्युलेन यांना राष्ट्रीय पदक मिळालं ते १९८५ साली.

इथे एक दुसरी वाटही होती. कारागिरानं पहिला नग हातानं करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे नग त्या फितीवरून काढायचे. जनरल इलेक्ट्रिकनं असं यंत्र केलंही होतं. ही वाट मागे का पडली? डेव्हिड नोबल या इतिहासकारानं १९८४च्या आपल्या पुस्तकात म्हटलं की, तीत हुन्नर कारागिराच्या हातात राहत होता आणि मालकांना तो कचेरीत हवा होता. मला हे पूर्ण पटत नाही, कारण पात्याचं वळण नुसत्या हातानं जमत नव्हतं हेही तितकंच खरं. पण विचार करणारा एकीकडे आणि यंत्रापाशी उभा राहणारा दुसरीकडे, ही फारकत झाली खरी. तिची झळ किती मिस्तऱ्यांना लागली असेल!

घरातल्या यंत्रात ही दोन्ही माणसं पुन्हा एक होतात. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेजियन तरुणानं ‘जीआरबीएल’ हा मोफत प्रोग्रॅम लिहिला. तो ‘आर्डुइनो’ या तळहाताएवढ्या स्वस्त पाटीवर चालतो. आपल्याकडे, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, त्याआधीच २००२ साली एमआयटीच्या सहकार्यानं ‘फॅब लॅब’ उभी राहिली आणि खेड्यातली मुलं संगणकावर काढलेली वस्तू प्रत्यक्षात कापू लागली.

सुरुवात करणाऱ्यानं पोलादाच्या वाटेला जाऊ नये. या यंत्राचा सांगाडा हलका असतो. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक त्याला सोसतं. मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकत असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०२ मिलिमीटर. इतकी अचूकता, पण जॉब पक्का आवळला नसेल तर ती फुकट. मग शून्य ठरवायचं, म्हणजे कटरचं टोक जॉबच्या कुठल्या कोपऱ्यावर आहे ते यंत्राला सांगायचं. पहिली फेरी कटर वर उचलून हवेतच करावी. ‘जी-०’ म्हणजे झपाट्यानं जा, ‘जी-१’ म्हणजे कापत जा; या दोहोंत गफलत झाली की कटर मोडलाच. डोळ्यांना चष्मा हवा. कान मात्र उघडे हवेत, कारण कटर कण्हू लागला की वेग चुकला हे आकड्यांआधी आवाज सांगतो.

पहिलं काम म्हणून बहुतेकजण दारावरची पाटी करतात. उठावाची देवनागरी अक्षरं काढलीत तर एक गोष्ट दिसेल. कटर गोल असल्यामुळे काना शिरोरेषेला मिळतो तिथला आतला कोन गोलच राहतो. ३ मिलिमीटरचा कटर तिथे दीड मिलिमीटरची गोलाई सोडतो. तो कोन काटकोनात हवा असेल, तर यंत्र बंद करून पटाशी हातात घ्यावी लागते.