एका दिवसाची ध्वनिमुद्रिका

कलाकृतीच्या जन्माभोंवतीं आख्यायिका निर्माण होण्यास फार काळ लागत नाहीं. ‘ब्लॅक सॅबाथ’ या इंग्रज हार्ड रॉक बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेविषयींही अशीच एक आख्यायिका रूढ आहे. १९६९ च्या ऑक्टोबरांत चार तरुण लंडनमधील रीजंट साउंड या स्टुडिओंत शिरले, आणि सुमारें १२ तासांत एका नव्या संगीतप्रकाराला जन्म देऊन बाहेर पडले! यांतील १२ तासांची गोष्ट खरी आहे. परंतु तेवढ्यावरून हें संगीत एका दिवसांत जन्मलें असें मानणें म्हणजे कापणीच्या दिवसालाच पेरणीचा दिवस समजणें होय.

टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड व ऑझी ऑझबर्न हे चौघेही बर्मिंगहॅममधील अ‍ॅस्टन या कामगारवस्तींतले. आयोमी १७ वर्षांचा असतांना, पत्र्याच्या कारखान्यांतील नोकरीच्या अखेरच्या दिवशीं, यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच! खचलेल्या त्या मुलाला कारखान्याच्या मुकादमानें जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगींत भाजून दोन बोटें निकामी झालेला मनुष्य असें वाजवूं शकतो, हें कळल्यावर आयोमीनें पुन्हां वाद्य हातीं घेतलें. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानें बोटांसाठीं टोप्या केल्या, त्यांवर चामडें चढविलें, आणि गिटारला बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुष्कळ स्वर एकदम दाबणें अवघड, म्हणून थोड्या स्वरांतूनच भरदार नाद काढण्याची त्याला संवय झाली. रसिकांनीं पुढें जिला शैली म्हटलें, तिचा मोठा अंश या निरुपायांत आहे.

निरुपायाला परिश्रमाची जोड मिळाली. १९६८ च्या अखेरीस आयोमी ‘जेथ्रो टल’ या बँडमध्यें अल्पकाळ राहून परतला, तो सकाळच्या तालमीची शिस्त घेऊनच. हँबुर्गच्या स्टार क्लबांत तर या चौघांना एका दिवसांत अनेक वेळां वाजवावें लागे. भीतिदायक चित्रपट पाहण्यास लोक पैसे मोजतात, मग तसेंच संगीत कां असूं नये, हा विचारही त्याच काळांतला; बँडचें नांव अशाच एका चित्रपटावरून घेतलें आहे. शीर्षकगीताचा पाया षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतरावर आहे. युरोपांत या स्वरांतराला सैतानाचें नांव मिळालें. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनांत संध्याकाळ प्रसन्न करतो. भय स्वरांत नसतें, त्याच्या योजनेंत असतें.

अशी तयारी असल्यामुळेंच निर्माता रॉजर बेन याला फारसें कांहीं घडवावें लागलें नाहीं. वादक रंगमंचावर वाजवीत तसेच एकत्र वाजले; गायक तेवढा निराळ्या खोलींत उभा होता. पाऊस, गडगडाट आणि घंटानाद हे मागाहून जोडले गेले. चुका घोटून पुसण्यास वेळ नव्हता; म्हणूनच त्या मुद्रणांत प्रत्यक्ष मैफलीचा खडबडीतपणा उरला आहे.

१३ फेब्रुवारी १९७० रोजीं ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. समीक्षकांनीं तिची टर उडविली. परंतु ब्रिटनच्या विक्रियादींत ती ८ व्या आणि अमेरिकेच्या यादींत २३ व्या स्थानापर्यंत चढली. खप हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या धिमेपणाला व जडपणाला समीक्षक उणीव समजले, तोच पुढें हेवी मेटल या संप्रदायाचा पाया ठरला. समीक्षकांचे कान अधू नव्हते. त्यांच्यापाशीं माप मात्र जुनें होतें.

५ जुलै २०२५ रोजीं हे चौघे अ‍ॅस्टनमध्येंच अखेरचे एकत्र वाजले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस ऑझबर्न निवर्तला. आतां आख्यायिका अधिकच दृढ होईल. इतिहासकारानें तिला मोडूं नये. तिच्यामागें दडलेलीं वर्षें तेवढीं मोजून दाखवावीं. एका दिवसाचें कौतुक करणारा तरुण त्या वर्षांकडे दुर्लक्ष करील, तर त्याच्या हातीं केवळ घाई लागेल.