पुरुषाची गर्भचाचणी

पुरुषाची गर्भचाचणी करा, असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण श्रोतेहो, वृषणाच्या कर्करोगाच्या निदानाचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

१९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक या डॉक्टरांनी गर्भधारणा ओळखण्याची युक्ती शोधली. उंदराच्या लहान माद्यांना स्त्रीची लघवी टोचायची आणि चार-पाच दिवसांनी त्यांची बीजकोशे तपासायची. ती फुगलेली दिसली, की बाई गरोदर! पुढे दोन-तीन वर्षांतच आढळले, की वृषणात गाठ असलेल्या काही पुरुषांच्या लघवीनेही तोच परिणाम होतो. याचे कारण असे, की या गाठी बहुधा बीजपेशींतून वाढतात. त्यातल्या काही पेशी वारेतल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि वारेचे संप्रेरक, म्हणजे एचसीजी, रक्तात सोडतात. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि या दोन्ही ज्यू संशोधकांना देश सोडावा लागला. त्यांची चाचणी मात्र जगभर गेली.

दुसरी खूण मॉस्कोत सापडली. गर्भाच्या रक्तात असणारे, जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होणारे एएफपी हे प्रथिन यकृताची गाठ असलेल्या उंदरांत पुन्हा दिसते, हे गॅरी अबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये दाखवले. पुढे ते वृषणाच्या काही गाठींतही आढळले. १९७२ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ वैतुकैतिस आणि सहकाऱ्यांनी रक्तातले एचसीजी अचूक मोजण्याची पद्धत दिली. रोख अशा गाठींवर होता. पण घरगुती गर्भचाचणीची वाटही तिनेच मोकळी केली.

१९७४ पासून इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनयुक्त उपचार सुरू केले आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. तेव्हा या खुणांचे मोल वाढले. शस्त्रक्रियेनंतर एचसीजी साधारण एक-दीड दिवसात, तर एएफपी पाच ते सात दिवसांत निम्मे व्हायला हवे. तसे झाले नाही, तर रोग कुठेतरी शिल्लक आहे असा संशय घ्यावा लागतो.

मात्र खूण म्हणजे निकाल नव्हे. सेमिनोमा या प्रकारात एएफपी वाढतच नाही. रक्त निर्दोष असूनही गाठ असू शकते. म्हणून सोनोग्राफी आणि काढलेल्या गाठीची तपासणी लागतेच. हा रोग मुख्यतः ऐन तारुण्यात होतो, गाठ बहुधा दुखत नाही आणि मुलगा लाजेपोटी घरात बोलत नाही. वेळेवर सांगितले, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. चाचण्या आज हाताशी आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी संकोच सोडायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)