तळटीप : थेटफर्डचा खडक आणि १९४९ चा संप

* प्रस्तुत प्रकरणात क्विबेकमधील या संपाचा उल्लेख केवळ वेतनवाढीच्या ओघात आला आहे, म्हणून थोडा खुलासा करणे अगत्याचे वाटते. संप झाला त्या थेटफर्ड माइन्स व (तेव्हाच्या) अ‍ॅस्बेस्टॉस या खाणगावांखालचा खडक मुळात भूपृष्ठावरचा नव्हे. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरतळाखालील प्रावरणाचा तो अंश पर्वतनिर्मितीच्या रेट्याने भूखंडाच्या काठावर चढला, आणि भेगांतून झिरपलेल्या पाण्याच्या संयोगाने त्यातील ऑलिव्हीन या खनिजाचे सर्पेंटाइनमध्ये रूपांतर झाले. सर्पेंटाइनच्या क्रायसोटाइल या प्रकारात, म्हणजेच इथल्या अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये, मॅग्नेशियमचा थर सिलिकेच्या थराहून किंचित विस्तृत असल्यामुळे दोन्ही मिळून वळकटीसारखे गुंडाळले जातात. त्यामुळेच त्याचे तंतू केसाहून कितीतरी सूक्ष्म, तरीही चिवट आणि अग्नीला दाद न देणारे असतात. हेच तंतू वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेले की फुप्फुसे निबर होतात, आणि कर्करोग तर बहुधा वीस-तीस वर्षांनी, हजेरीपटावरून कामगाराचे नाव उतरल्यानंतर, प्रकट होतो. फेब्रुवारी १९४९ मध्ये संपावर गेलेल्या सुमारे पाच हजार कामगारांच्या मागण्यांत गिरणीच्या आतील व बाहेरील याच तंतूंच्या धुळीच्या निर्मूलनाची मागणी स्पष्ट शब्दांत होती, आणि आमच्या मते तीच सर्वांत दूरदर्शी होती. कॅनडाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली ती २०१८ मध्ये. तोपर्यंत क्विबेकचा पुष्कळ माल छपरांच्या सिमेंटी पत्र्यांसाठी हिंदुस्थानातही येऊन गेला होता. — संपादक